पेचोटीची लोटी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पोचे पडलेली म्हणा, वाटल्यास काळवंडलेली म्हणा. मी रागावणार नाही. पण मला साधी लोटी म्हणू नका. बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत या आणि कोणालाही विचारा, "पेचोटीची लोटी कुठे राहते?" समोरचा माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला आमच्या दारापर्यंत आणून सोडेल. बाकीची घरं नंबरावरून सापडतात, आमचं घर माझ्या नावावरून सापडतं.

पेचोटी म्हणजे काय, हे बडोद्याबाहेरच्या मुलांना सांगायला हवं. पोटात दुखू लागलं, मळमळलं, जुलाब लागले, की आमच्याकडची जुनी माणसं गुजरातीत म्हणतात, "पेचोटी खसी गई." म्हणजे बेंबी जागेवरून सरकली. ती पुन्हा जागेवर बसवली की पोट गप्प, अशी समजूत. आणि बसवायची कोणी? अहो, मीच!

माझा जन्म एका कंसाऱ्याच्या, म्हणजे कासाराच्या दुकानात झाला. पितळेचा पत्रा तापवून, ठोकून, वाकवून त्याने मला घडवलं. ते ठोके आठवले की अजून अंग शहारतं. पण ठोके खाल्ल्याशिवाय गळ्याला आकार येत नाही, हे तेव्हाच शिकले. माझी कड मात्र त्याने अशी गुळगुळीत घासली की फरशीवर पालथी घातली तर आत मुंगीलाही वाट मिळू नये. त्या कडेनेच माझं नशीब काढलं.

मला विकत घेतलं उदयसिंहरावांनी. त्यांचे वाडवडील संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, घरात ताठा तेवढा राहिला. "आपल्या घराण्यात कोणाचं पोट दुखत नाही," असं उदयसिंहराव मिशीवरून हात फिरवत सांगायचे आणि रोज सकाळी तालमीतल्या गड्यांची दुखरी पोटं माझ्याकडून बसवून घ्यायचे. ते गेल्यावर मी त्यांच्या सुनेच्या, कुसुमावतीबाईंच्या हाती आले. बाईंचा हात हलका आणि जीभ तिखट. आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.

काम कसं चालायचं, ते ऐका. रोगी उपाशीपोटी उताणा झोपायचा. बाई त्याच्या पायांचे अंगठे जुळवून बघायच्या. एक अंगठा जरा वर, दुसरा जरा खाली दिसला, की सरकली म्हणायची. मग बेंबीवर कणकेचा चिमुकला दिवा ठेवायचा, तुपाची वात लावायची आणि मला वरून पालथं घालायचं. आत दिवा विझायचा आणि मी पोटाला अशी घट्ट धरून बसायचे की ओढलं तरी सुटायचं नाव नाही. थोड्या वेळाने बाई कडेला बोट घालून मला सोडवायच्या. फक्कन आवाज व्हायचा, पोटावर लाल गोल उमटायचा आणि रोगी उठून बसत बाईंना म्हणायचा, "हाश! बा, सारुं थई गयुं." बरं वाटलं, एवढंच त्याचं म्हणणं, पण तेवढ्याने आमची कॉलर ताठ! लोटीला कॉलर नसते म्हणता? मला होती.

लोक पेढे आणायचे, नारळ आणायचे. दसऱ्याला बाई मला चिंचेने घासून लखलखीत करायच्या आणि देवांच्या शेजारी बसवून हळदकुंकू वाहायच्या. छाणीहून, कोयलीहून माणसं स्कूटरवर बसून माझ्यासाठी यायची. मी फुगले होते, उगाच खोटं कशाला बोलू!

आणि मग गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर योगिनीचा दवाखाना उघडला.

योगिनीचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. पोर इथेच लहानाची मोठी झाली, इथेच शिकली. दवाखाना उघडला आणि आमच्या दारातली गर्दी जरा पांगली. हसऱ्या चेहऱ्याच्या त्या मुलीचा मला मनस्वी राग यायचा. दिवाळीत ती चिवड्याचं ताट घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मी फडताळातून तिच्याकडे डोळे वटारूनच पाहत होते.

"काकू, तुमची लोटी बघू?" ती म्हणाली.

बाईंनी मला पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही.

"ही लावायच्या आधी तुम्ही काय बघता?"

"अंगठे."

"आणि पोट?"

"पोट बसवायचंच असतं. त्यात बघायचं काय?"

मला वाटलं आता ही पोर हसेल आणि बाई तिला फैलावर घेतील. पण ती हसली नाही. मांडी घालून खाली बसली. म्हणाली, "काकू, राग मानू नका. जास्त खाल्लं, गॅस झाला, आंबट ढेकर आले, एक-दोन दिवस पोट साफ झालं नाही, तर ते हलकं खाऊन, पाणी पिऊन, आराम करून बहुतेक वेळा आपलं आपणच उतरतं. लोटी लावली तरी उतरतं, नाही लावली तरी उतरतं. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. पण लोक माझ्याआधी तुमच्या दारात येतात, आणि माझ्याकडे येतात तेव्हा कधीकधी फार उशीर झालेला असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दुखणं बेंबीपाशी सुरू झालं आणि सरकत उजवीकडे खाली गेलं. खायची इच्छा मेली, उलटी झाली, अंग तापलं, पोट हाताला कडक लागलं. अशा वेळी हात मागे घ्या. ते अपेंडिक्स असू शकतं. आतड्याला लागून शेपटीसारखा एक बोटभर भाग असतो, तो सुजतो. त्यावर चोळलं, ओढलं, जुलाब दिला, आणि तो आतल्या आत फुटला, तर जिवावर बेततं. तिथे लोटी चालत नाही, काकू. तिथे दवाखानाच लागतो."

हिंमत बघा पोरीची! आमच्या घरात बसून, आमचाच चिवडा... नाही, चिवडा तिचाच होता. पण बोलली ती आमच्या घरात बसून. बाई म्हणाल्या, "आमची लोटी तुझ्या डिग्रीपेक्षा वयाने मोठी आहे, बाळ. चिवडा मात्र छान झालाय."

"मोठी आहे म्हणूनच सांगायला आले," योगिनी म्हणाली आणि नमस्कार करून गेली.

त्या दुपारी बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि स्वतःच्याच पोटावर उजवीकडे, खाली, बोटं दाबून बघत बसल्या. बघायचं काय म्हणणारी बाई बघत होती.

दिवाळी गेली, थंडी आली आणि थंडीबरोबर माझा खरा हंगाम आला. बडोद्यात उत्तरायण एक दिवसाची नसते. संक्रांतीला सगळं गाव गच्चीवर, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत, तेव्हाही गाव गच्चीवरच. वर पतंग, खाली उंधियू, जिलबी, चिक्की, आणि पुन्हा उंधियू. पहिल्या दिवशी हात थकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पोटं उठत नाहीत. वासी उत्तरायणाच्या सकाळी आमच्या ओट्यावर रांग लागते, ती अशी की सोसायटीच्या पाण्याच्या टँकरलाही लागत नाही.

बाईंचा मुलगा विक्रमसिंह कोयलीच्या रिफायनरीत कामाला. सहा फूट उंच, आजोबांसारख्याच मिशा आणि आजोबांचंच वाक्य तोंडात, "आपल्या घराण्यात कोणाचं पोट दुखत नाही." उंधियूचं पातेलं त्याच्यासमोर ठेवायला त्याची बायको भक्ती घाबरायची, कारण पातेलं परत यायचं ते धुतल्यासारखं. आणि या उत्तरायणाला त्याने जिलबीला नाही म्हटलं. आईशपथ, मी ऐकलं! गच्चीवरून खाली आला, बेंबीवर हात ठेवून सोफ्यावर बसला.

"काय झालं?" भक्तीने विचारलं.

"गॅस."

"जिलबी नको?"

"नको म्हटलं ना. वास पण नको."

रात्री त्याने दोनदा उलटी केली आणि नळ जोरात सोडून तो आवाज लपवला. आजोबांच्या नातवाचं पोट दुखत नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर रांग. कोणी कुथतंय, कोणी ढेकर देतंय, कोणी फुगलेल्या पोटावर हात ठेवून कालच्या कापलेल्या पतंगांच्या गप्पा मारतंय. बाईंनी कणीक मळून ठेवलेली. तेवढ्यात विक्रमसिंह आतल्या खोलीतून बाहेर आला. कमरेत वाकलेला, भिंत धरून चालणारा. पाऊल टेकलं की चेहरा वाकडा होत होता.

"आई, आधी मला लाव," तो म्हणाला. "पेचोटी जबरदस्त सरकलीये. काल मध्ये होती, आज इथे उजवीकडे खाली गेलीये. बघ, हाताला लागतीये."

रांगेतली माणसं बाजूला सरली. बाईंच्या घरचाच रोगी, त्याला आधी मान. तो सतरंजीवर उताणा झाला, पण पाय सरळ करवेनात, गुडघे पोटाशी ओढून पडला. बाईंनी कसेबसे अंगठे जुळवून पाहिले.

अंगठे वर-खाली होते, मित्रांनो! आमच्या शास्त्राप्रमाणे पेचोटी सरकलेली होती. मी आनंदाने चमकले. बाईंनी कणकेचा दिवा केला, वात लावली. ओट्यावरचे सगळे माना उंच करून बघत होते. आमच्या शेजारच्या शालिनीबेन एका वाटीत एरंडेल घेऊन पुढे आल्या. "बा, पहेलां दिवेल आपी दो, बधुं साफ थई जशे," म्हणजे आधी एरंडेल द्या, सगळं साफ होईल. मायेची बाई, पण तिच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्याला एरंडेल हेच उत्तर.

बाईंनी एका हाताने मला उचललं आणि दुसरा हात दिवा ठेवायला मुलाच्या पोटावर टेकवला. आणि तिथेच थांबल्या.

हाताखाली पोट नव्हतं, पाटा होता. ताठ, कडक. बाईंनी उजव्या बाजूला खाली अलगद बोटं दाबली, तर विक्रमसिंहाने दात आवळले. हात पटकन काढला, तर तो ओरडलाच. बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं.

"रात्री उलटी झाली?" बाईंनी विचारलं.

"एकदा."

"खरं सांग."

"दोनदा. पण आई, गॅस डोक्यात गेला की होते उलटी. लाव ना लवकर."

"लगाडो ने, बा!" लावा ना, असं रांगेतूनही कोणीतरी म्हणालं.

मला तर कधी एकदा पोटावर बसते असं झालं होतं. घरचा मुलगा, एवढी गर्दी, एवढा मान! लाव, लाव, मी मनात ओरडत होते. बाईंनी वातीकडे पाहिलं. दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि विझवून टाकली.

"आज लोटी लागणार नाही," त्या म्हणाल्या. "शालिनीबेन, एरंडेल परत घेऊन जा. याच्या पोटात पाण्याचा थेंबसुद्धा जाणार नाही. भक्ती, गाडी काढ."

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. शालिनीबेन म्हणाल्या, "बा, तमे ज ना पाडो छो?" तुम्हीच नाही म्हणता? माझी तर लाजेने मान खाली गेली. इतक्या वर्षांचं नाव आणि ते घरच्याच पोटावर बुडायचं!

विक्रमसिंह कोपरांवर उठायला गेला आणि कळ येऊन पुन्हा पडला. "दवाखान्यात? गॅससाठी? आई, लोक तोंडात शेण घालतील. पेचोटीवाल्या बाईचा मुलगा दवाखान्यात! लोटी लाव, नाहीतर मी इथून हलणार नाही."

"उठ."

"नाही."

"विक्रम, उठ म्हणते ना!"

"आधी लोटी."

सहा फुटी माणूस हलणार नाही म्हणाला की कोणाच्या बापाला हलत नाही. भक्ती रडकुंडीला आली. बाईंनी पदराने तोंड पुसलं, मुलाकडे रोखून पाहिलं, आणि त्या अशा काही हसल्या की मलाच कळेना.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. "लोटी लावते. पण इथे नाही. त्या योगिनीच्या दवाखान्यात, तिच्या टेबलावर, तिच्या नाकासमोर लावते. दिवाळीत मला शिकवायला आली होती. तिलाही कळू दे, आपली लोटी काय चीज आहे ते."

काय सांगू, त्या माणसाच्या मिशा फुरफुरल्या! "हां, हे बरोबर," तो म्हणाला आणि भिंत धरून उठला. बाईंनी मला पिशवीत टाकलं, कणीक टाकली, वात टाकली, काड्यापेटीसुद्धा टाकली. नाटक करायचं तर पुरतं करावं.

दवाखाना सुट्टीमुळे बंद होता, पण योगिनी वरच्याच मजल्यावर राहायची. भक्तीने खालून हाक मारली तशी ती गच्चीवरून धावत उतरली. डोळ्यांवर काळा चष्मा, मांज्याने कापू नयेत म्हणून बोटांना पट्ट्या. हात धुतले, पट्ट्या काढल्या आणि विक्रमसिंहाला टेबलावर घेतलं.

"आधी लोटी," तो म्हणाला.

"लावूया," ती म्हणाली. "मला फक्त पोट बघू दे."

तिने बघितलं, तापही मोजला. तिची बोटं अगदी तिथेच थांबली, जिथे बाईंची थांबली होती. मग ती बाईंकडे वळून म्हणाली, "काकू, लोटी पिशवीतच राहू दे. याला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायचंय. मी फोन करते आणि बरोबर येते." खोटं वाटेल तुम्हाला, पण तिच्या बोलण्यात एवढासाही टोमणा नव्हता.

विक्रमसिंहाने आईकडे पाहिलं. "तू मला फसवलंस."

"हो, फसवलं. जिवंत राहा आणि मग भांड माझ्याशी."

तो मिशीवाला गडी मग एकदम लहान झाला. "आई, मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

"मलाही वाटते रे. दोघं मिळून घाबरू. पण आधी गाडीत बस."

रस्त्यात जिकडेतिकडे मांजे लोंबत होते आणि गच्च्यांवर भोंगे वाजत होते. प्रत्येक खड्ड्याला विक्रमसिंह कण्हायचा आणि बाई त्याचा हात दाबायच्या. हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. सर्जन म्हणाले, अपेंडिक्सच आहे, खूप सुजलंय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं.

बाई बाकावर बसल्या. पिशवीतून मला काढून मांडीवर घेतलं. मला वाटलं रागाने काढलं असेल. पण त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "दिवा पेटवला होता गं मी," त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, देव जाणे. "पेटवला होता. लावली असती तर?" मीच तर लाव, लाव म्हणून ओरडत होते.

दार उघडलं. सर्जन बाहेर आले, टोपी काढली.

"काढलं," ते म्हणाले. "वेळेत आणलंत. अगदी फुटायच्या बेतात होतं. जुलाब वगैरे दिला नव्हता ना? चोळलं नव्हतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एरंडेल परत पाठवलं. लोटीही लावली नाही."

"लोटी?" सर्जन गोंधळले.

"ही," म्हणून बाईंनी मला उंच धरलं, एखादी ढाल जिंकून आणल्यासारखं. योगिनीला हसू आवरेना. भक्ती रडत होती आणि हसत होती. योगिनी बाईंच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "काकू, आज याला तुम्ही वाचवलंत. मी तर नंतर आले."

"तू दिवाळीतच आली होतीस," बाई म्हणाल्या आणि तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

भक्तीने शालिनीबेनना फोन लावला. त्या गच्चीवर होत्या. विक्रमभाई बरा आहे, संकट टळलं, एवढं ऐकलं आणि त्या बाईने काय केलं माहीत आहे? पतंग कापल्यावर बडोद्यात जी आरोळी ठोकतात ना, तीच ठोकली, "काप्यो छे!" फोनमधून ऐकू येत होतं, शेजारच्या गच्चीने उचललं, मग तिच्या पुढच्या गच्चीने. सगळी गल्ली ओरडत होती, "काप्यो छे, काप्यो छे!" आणि मग थाळ्या वाजायला लागल्या. हॉस्पिटलातल्या नर्सने येऊन आम्हाला दटावलं, तरी बाईंनी फोन बंद करू दिला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई जिंकले, आणि कशी? पिशवीत गप्प बसून!

आता लोक विचारतात, मग लोटीचं नाव बुडालं असेल. बुडतंय कशाला? विक्रमसिंह बरा होऊन घरी आला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसला तो बसलाच. सुट्टीच्या दिवशी कोणी पोट धरून आलं की आधी त्याची उलटतपासणी. आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. "दुखतं कुठे? बोट ठेवून दाखव. ताप आहे? उलटीत रक्त आहे? शी काळी डांबरासारखी होते का? रक्त पडतं का? लाजतोस काय, मी तर आख्खं पोट दाखवलंय डॉक्टरला!" आणि शर्ट वर करून ऑपरेशनच्या टाक्यांचे वण दाखवायचा. ज्या घराण्यात कोणाचं पोट दुखत नव्हतं, त्या घराण्यातला गडी आता स्वतःच्या पोटदुखीची गोष्ट जिलबीच्या चवीने सांगतो.

पलीकडच्या इमारतीतले धनाजीराव कधीपासून घास गिळताना अडकतो म्हणून भात कालवून खात होते, कपडे ढगळ होत चालले होते, आणि "वय झालं" म्हणून गप्प होते. विक्रमसिंहाने त्यांना प्रश्नांच्या फैरीत बोलतं केलं. बाईंनी त्यांना लोटी लावली नाही. चप्पल घातली, मला पिशवीत टाकलं आणि त्यांचा हात धरून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. आता त्यांचे उपचार सुरू आहेत.

जुलाबाने गळालेली लेकरं आली की माझ्यात पाणी भरतात, योगिनीने दिलेली मीठ-साखरेची पुडी त्यात विरघळवतात आणि घोट घोट पाजतात. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, की बाई घरी थांबत नाहीत, थेट दवाखान्यात नेतात. छातीत जळजळतं आणि घाम फुटलाय म्हणणाऱ्याला तर खाली बसूही देत नाहीत. "हा गॅस नाही, हे हृदयाचं असू शकतं," म्हणतात आणि त्याला घेऊन थेट रिक्षाकडे निघतात. साधं उंधियूचं अजीर्ण असेल तर मात्र हसून सांगतात, "उद्या फक्त मुगाची खिचडी खा, पाणी पी, आणि जिलबीकडे बघूसुद्धा नकोस. दोन दिवसांत उतरलं नाही तर पुन्हा ये."

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. पोट दुखलं तर घरच्यांना सांगा, मिशीच्या धाकाने लपवू नका. नळ सोडून आवाज झाकू नका. घरात कोणी मोठ्या प्रेमाने एरंडेल, चूर्ण, लोटी घेऊन आलं तरी आधी विचारा, दुखणं कुठून कुठे गेलं, ताप आहे का, पोट कडक आहे का. आणि तुमच्या घरातली माझ्यासारखी जुनी भांडी फेकू नका, पण त्यांच्यावर जीवही टांगू नका. आम्हाला घासा, पुसा, प्यायचं पाणी भरा, आम्ही खूश असतो.

आणि कधी सुभानपुऱ्यात आलात, आणि एखादी म्हातारी हातात पिशवी घेऊन, कोणाला तरी दंडाला धरून दवाखान्याकडे झपाझप निघालेली दिसली, तर बाजूला व्हा. रिक्षावाले होतात, भाजीवाले हातगाडी मागे ओढतात, शालिनीबेन गॅलरीतून ओरडतात, "खसो, खसो! बा नी लोटी जाय छे!" पिशवीत मी असते. घोड्यावर बसून मिरवणुकीत निघाल्यासारखी!